डोळ्याची साक्ष

“त्या फणसावर कावळे किती हाईत, सांग बघू.”

मी पुस्तकातून मान वर केली. आबा सोप्यात बसून बंदुकीच्या नळीत तेलाची चिंधी घालून गज मागेपुढे करत होते. फणस परसाच्या अगदी टोकाला होता, विहिरीच्याही पलीकडे.

“चार,” मी म्हणालो.

“नीट बघ.”

“पाच. एक पानाआड हाय.”

“त्याचं तोंड कुणीकडं?”

“डोंगराकडं.”

आबांनी गज बाहेर काढला, चिंधी सोडवली, पुन्हा तेलात बुडवली. हे सगळं ते हाताकडे न पाहता करत. मला त्या सफाईचं फार कौतुक वाटायचं. मला तर पाटीवरची रेघसुद्धा जीभ बाहेर काढल्याशिवाय सरळ ओढता येत नसे.

“आठ दिस बघतोय,” ते म्हणाले. “नजर बरी हाय तुझी. यंदा शिमग्याच्या पारधीला माझ्याजवळ बसायचं.”

आत आई भाकरी थापत होती. तो आवाज थांबला.

“नऊ वर्साचं पोर हाय ते,” आई आतून म्हणाली.

“मी आठ वर्साचा हुतो.”

“तुमची गोष्ट येगळी. ह्यो पाव्हणं आलं की माळ्यावर जाऊन बसतोय.”

आई खरं तेच बोलत होती. मला माणसांची भीती वाटायची. शाळेत मास्तरांनी नाव पुकारलं तर ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी मी नुसता हात वर करायचो. पुस्तकात मात्र मी तासन्‌तास रमत असे, कारण पुस्तक उलटून काही विचारत नाही. पुढे तालुक्याच्या वाचनालयात चौतीस वर्षं नोकरी केली, तीही याच स्वभावामुळे. आता ऐंशी पार केल्यावर ही गोष्ट लिहायला बसलो आहे. ती मला नीट सांगता येईल का, याची खात्री नाही. पण ती माझ्याखेरीज आता कुणालाच ठाऊक नाही.

आमचं मोरवंडी गाव कोल्हापूरच्या दक्षिणेला, डोंगराच्या पोटात आहे. पावसाळ्यात भात आणि नाचणा. आणि भात पोटरीला आलं की रानडुकरं. एका रात्रीत वावर नांगरल्यासारखं करून ठेवायची. म्हणून गावात सहा घरी ठासणीच्या बंदुका होत्या आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळा गाव पारधीला जायचा. ढोल आणि डबे वाजवत माणसं वरून रान हाकत आणायची आणि खाली सहा वाटांवर सहा बंदुका बसायच्या. त्यातली थोरली वाट दोन टेकड्यांच्या खिंडीतली. जनावर बहुधा तिथूनच फुटायचं. त्या वाटेवर आबा बसत. त्यांच्या आधी आजोबा बसत. रवळू चौगले म्हणजे थोरल्या वाटेची बंदूक, असं आबांबद्दल चार गावांत बोललं जाई.

पण मागची दोन वर्षं आबांचा बार फुकट गेला होता. एकदा गोळी साबरीच्या खोडात बसली होती. दुसऱ्या वर्षी जनावर समोरून गेलं आणि बार झालाच नाही. केप, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, ओली होती, असं आबांनी सांगितलं. तेव्हापासून बाळकू दळवी चावडीवर उघड म्हणत होता की, यंदा रवळूदा चुकला तर थोरली वाट मला द्या. गावकारभारी तात्या पाटील यांनी त्यावर नुसती मान हलवली होती, आणि ती होकाराची होती असं सगळे म्हणत होते.

हे मला कळत होतं. म्हणूनच माझी झोप उडाली. आबा चुकले तर ते माझ्यामुळे चुकतील, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी मला शिकवायला घेतलं. परसात विहिरीच्या कट्ट्याला पाठ लावून ते बसत, बंदूक मांडीवर. मी त्यांच्या उजव्या अंगाला, किंचित पुढे, आणि माझा डावा हात त्यांच्या गुडघ्यावर.

“रानात त्वांड उघडायचं न्हाई,” ते म्हणाले. “डुकराची नजर मंद, पर कान लई तिखट. शब्द काढलास की गेलं. म्हणून बोलायचं ते हातानं. काय हाललं की गुडघा एकदा दाब. डावीकडं असलं तर हात डावीकडं सरकव, उजवीकडं असलं तर उजवीकडं.”

“आणि म्होरं आलं तर?”

“मोकळ्यात आलं, अगदी नळीसमोर, की दोनदा दाब. मग मी हाय आणि बंदूक हाय.”

“सगळ्यांची पोरं असंच करत्यात?”

आबांनी मांडीवरची बंदूक जरा सरकवली. “आपल्या घरची रीत हाय,” ते म्हणाले.

मला भारी अभिमान वाटला. आमच्या घराची स्वतःची एक रीत आहे आणि ती आता माझ्या हातात आली आहे! कोंबडीवर, मांजरावर, शेजारच्या वासरावर आम्ही सराव केला. मी गुडघा दाबायचो आणि बंदुकीची नळी माझ्या हातामागोमाग हळूच सरकायची. नववीत बीजगणित सुटलं तेव्हाही मला तसा आनंद झाला नाही.

पारधीच्या सकाळी आईने माझ्या कमरेला भाकरी बांधली. आबा पुढे उंबऱ्याबाहेर गेले तेव्हा तिने मला जवळ ओढलं.

“वाट बघून चाल,” ती म्हणाली. “तुझ्यापुरती न्हवं. त्यांच्या पायापुरती.”

गडबडीत आई काहीतरी उलटसुलट बोलली, असं मला वाटलं.

देवळासमोर सगळा गाव जमला होता. अंगाखांद्यावर कालचा गुलाल, राख, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या पत्र्याचा डबा. तात्या पाटलांनी नारळ फोडला. तात्या म्हणजे सत्तरीचा वाळका म्हातारा, पण त्यांच्या आवाजाला गावात उत्तर नसे.

बाळकू दळवी मला बघून हसला. तो धिप्पाड, तोंडाचा फाटका, पण लग्नकार्यात सगळ्यांच्या आधी पाणी भरायला धावणारा.

“ह्ये काय रवळूदा? पारधीला पुस्तक आणलंस व्हय?”

लोक हसले. मी आबांच्या धोतराआड झालो.

“व्हय की,” आबा म्हणाले. “तुला वाचाय येत न्हाई म्हणून सांगतो. त्याचं नाव वैजू.”

आता लोक बाळकूला हसले. बाळकूही हसला, पण जाता जाता म्हणालाच, “बघू की, वाचतंय का जनावर.”

थोरल्या वाटेपर्यंत तासाची चढण. मी पुढे, आबा मागे, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. ‘दम लागला का?’ असं मी दोनदा विचारलं. ‘न्हाई,’ ते म्हणाले, पण हात काढला नाही. एके ठिकाणी वाटेत आडवं मूळ होतं. आईचं बोलणं आठवून मी म्हणालो, “आबा, मूळ हाय.” त्यांनी पाय उचलला आणि माझा खांदा हलकेच दाबला.

खिंडीत एका मोठ्या धोंड्याआड आम्ही बसलो. समोर पंचवीस-तीस पावलांची मोकळी जागा, तिच्या पलीकडे शिकेकाईचं दाट जाळं. आबांनी शिंगातली दारू नळीत ओतली, बोटाने चाचपून, मग गोळी, मग गजाने ठासलं. केप बसवताना डोळे मिटले होते की उघडे होते, मला आठवत नाही. काम चोख होतं एवढं आठवतं.

“भ्या वाटतंय?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“न्हाई,” मी म्हणालो.

“मला वाटतंय,” आबा म्हणाले. “वाटाय पायजे. ज्येला भ्या वाटत न्हाई त्यानं बंदूक धरू नये.” मग म्हणाले, “आता त्वांड बंद.”

मी ओठ घट्ट मिटले आणि हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

माथ्यावर पहिला ढोल वाजला. मग दुसरा. मग डब्यांचा खडखडाट, आरोळ्या, कुत्री. सगळा डोंगरच हळूहळू खाली सरकतो आहे असं वाटायला लागलं. एक रानकोंबडा फडफडत डोक्यावरून गेला. मी गुडघा दाबला नाही. तो वर होता, आणि वर असेल तर काय करायचं ते ठरलं नव्हतं. भेकर आलं आणि आम्हाला बघून मागच्या मागे फिरलं. आवाज जवळ येत चालला. 

तेवढ्यात शिकेकाईचं जाळं हललं.

वारा नव्हता. जाळं एकाच जागी हलत होतं, आतून कुणी ओढावं तसं. मी एकदा गुडघा दाबला. आबांनी घोडा चढवला. त्याचा एवढासा ‘कट्’ झाला. जाळ्यात एक काळी, वाकलेली पाठ दिसली. काळी कुळकुळीत, मोठी, जमिनीसरशी. रानडुक्कर मी तोवर फक्त मेलेलं पाहिलं होतं, काठीला उलटं बांधलेलं. पण हे तेच होतं, मला क्षणभरही शंका आली नाही. मी हात उजवीकडे सरकवला. नळी उजवीकडे सरकली. ती पाठ जाळ्यातून मागे मागे सरत मोकळ्यात आली.

मी गुडघा दोनदा दाबला.

आणि ती पाठ सरळ झाली.

ती बाई होती. अंगावर, डोक्यावरून काळं घोंगडं घेतलेली, शिकेकाईचे काटे लागू नयेत म्हणून. तिने घोंगडं मागे सारलं, कमरेवर हात ठेवून पाठ ताठ केली आणि आवाजाच्या दिशेने वर बघत राहिली. कपाळावरचं गोंदण मला दिसत होतं. हिरवी काकणं दिसत होती. काखेतली शेंगांची झोळी दिसत होती. ती आमच्या गावची नव्हती. असती तर आज रानात आलीच नसती.

आता आबा बंदूक खाली घेतील, असं मला वाटलं. ती इतकी उघड्यावर उभी होती की कुणीही नळी खाली घेतली असती. नळी तिच्यावरच होती. मी मान वळवून आबांकडे पाहिलं. त्यांचा गाल दस्त्याला टेकला होता, चेहरा शांत होता आणि बोट चापावर हळूहळू आत येत होतं.

मी गुडघ्यावर हात डावीकडे नेला, उजवीकडे नेला. नळी तेवढीच डावीउजवीकडे झाली आणि परत तिच्यावर आली. आमच्या रीतीत सगळ्याला खूण होती, ‘नको’ला नव्हती.

मग मी ओरडलो.

मला ‘बाई’ म्हणायचं होतं. निदान आज मी असंच म्हणतो. ‘ब’ उच्चारायचा तर मिटलेले ओठ फुटावे लागतात, आणि माझे ओठ तासभर आवळून बधिर झाले होते. असं मी पुष्कळ वर्षांनी, भाषेवरची दोन-चार पुस्तकं वाचल्यावर, स्वतःला समजावलं आहे. पण डोंगरात जे घुमलं ते असं होतं:

“आई!”

आबांची नळी झटक्यात वर गेली. बार झाला नाही. अंगठ्याने घोडा धरून त्यांनी तो हळूच उतरवला.

“कुणाचं रं लेकरू?” ती बाई झोळी टाकून आमच्याकडे धावतच आली. “रडू नगं बाळा. आई कुठं हाय तुजी? चुकलास व्हय?”

आणि आबांनी मला विचारलं, “कोण हाय रं?”

ती पंधरा पावलांवर आली होती. लख्ख उन्हात. आबा तिच्याकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून मला विचारत होते, कोण आहे.

“बाई हाय, आबा,” मी म्हणालो. आता ‘ब’ नीट उमटला.

आबांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांनी बंदूक मागे गवतात ठेवली, हात जोडले आणि तिच्या थोडं डाव्या बाजूला बघत म्हणाले, “बाई, हाक्याचं रान हाय ह्ये. हितनं खाली नगा जाऊ. मागच्या पायवाटंनं जावा. लगीच जावा.”

“आगं बया,” ती म्हणाली, “मला काय ठावं! पर ह्या लेकराला जपा. किती घाबरलंय.” माझ्या गालावरून काटे ओरबाडलेला हात फिरवून, झोळी उचलून ती गेली. तिला काहीच कळलं नाही. मुलाला धीर दिला, या समाधानात ती घरी गेली असेल.

तेवढ्यात वर एकच गलका झाला. खरं डुक्कर, भलं थोरलं, खिंडीच्या तोंडापर्यंत आलं होतं. माझा आवाज ऐकून ते उलटं फिरलं आणि हाकेवाल्यांची फळी फोडून पलीकडच्या रानात गेलं. पारध रिकामी गेली.

आबा धोंड्याला टेकून बसले होते. दोन्ही हात त्यांनी काखेत घातले होते.

“तुमाला दिसत न्हाई,” मी म्हणालो.

“काळं हाललं की कळतंय. काय हाय, ते कळत न्हाई.”

“कदीपासनं?”

“दोन वर्सं झाली. सारा आलाय डोळ्यावर, पडद्यावाणी.” मग म्हणाले, “तुझ्या आईला म्हाईत हाय.”

मला खूप काही विचारायचं होतं. मी दोनदा दाबलं होतं, हे सांगायचं होतं. पण खालून शिट्ट्या सुरू झाल्या आणि आम्ही उतरलो. वाटेत त्यांनी विचारलं म्हणून तिचं काळं घोंगडं आणि शेंगांची झोळी तेवढी सांगितली. मी पुढे, त्यांचा हात माझ्या खांद्यावर.

आमच्या गावात पारध रिकामी गेली की एक रिवाज होता. देवळासमोर सगळे बंदूकवाले गोल बसायचे. बंदूक पुढ्यात आडवी ठेवून, दस्त्यावर हात ठेवून एकेकाने सांगायचं: माझ्या वाटेवर मी माझ्या डोळ्यानं काय बघितलं. त्याला ‘डोळ्याची साक्ष’ म्हणत. देवासमोर बंदुकीवर हात ठेवून खोटं बोललं तर त्या घराचा बार पुन्हा लागत नाही, अशी समजूत होती. कुणी खोटं बोललेलं ऐकिवात नव्हतं.

चौघांनी सांगितलं. एकाने भेकर पाहिलं होतं, एकाने काहीच नाही. मग बाळकूची पाळी आली.

“मी जनावर बघितलं,” तो म्हणाला. “थोरल्या वाटंकडं धावत चाललेलं. धा पावलं ऱ्हायली हुती. तवर तिकडनं ‘आई!’ म्हणून बोंब उठली आणि ते फिरलं.” मग आबांकडे वळून म्हणाला, “रवळूदा, पोराला आणलंस, त्याच्या आईलाबी आणायचं की! पदराखाली घिऊन बसली असती.”

सगळा गाव हसला. बायका हसल्या, माझ्या वर्गातली पोरं हसली. एका पोराने लगेच बारीक आवाजात “आई गं!” केलं आणि पुन्हा हशा झाला.

“रवळू,” तात्या पाटील म्हणाले. “तुझी साक्ष.”

आबांनी बंदुकीच्या दस्त्यावर हात ठेवला. बोलले मात्र नाहीत. मला कळलं की त्यांना बोलता येत नाही. खरं सांगितलं तर थोरली वाट जाणार, बंदूक जाणार, चार गावांतलं नाव जाणार. आणि खोटं त्यांना सांगता येत नव्हतं.

मी पुढे गेलो. एवढ्या माणसांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. “मी भ्यालो,” मी म्हणालो. “जनावर आलं आणि मी भ्यालो, म्हणून वरडलो. आबांचं काय चुकलं न्हाई.”

“बघा!” बाळकू म्हणाला, पण जरा नरमाईने. “निदान खरं तरी बोलतंय.”

“खोटं बोलतंय,” आबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण हसू बंद झालं.

“माझ्या डोळ्यानं मी काय बघितलं, ते इचारताय न्हवं तात्या? काय बी न्हाई बघितलं. दोन वर्सं झाली, मला दिसत न्हाई. पोराला शेजारी बसवलं ते त्याच्या डोळ्यांसाठी. पारध शिकवतो म्हणून सांगितलं, त्याला आणि तुमालाबी.” ते थांबले. “जाळ्यात एक बाई हुती. परगावची. शिकेकाई काढत हुती, काळं घोंगडं घिऊन. मी तिच्यावर नळी धरली. चाप निम्मा वडला हुता. तुमी ऐकलं ‘आई’. माझ्या कानाशी हुतं पोरगं. ते ‘बाई’ म्हणालं. ‘बाई’ म्हणून वरडलं, म्हणून ती आज घरी गेली, आणि मी हितं बसलोय.”

ढोलवाल्याच्या हातातली काठी ढोलाला लागून एक टिपरू पडलं, तेवढंच.

आबांनी बंदूक उचलली आणि दोन्ही हातांवर घेऊन पुढे धरली. कुणासमोर धरली आहे ते त्यांना नक्की दिसत नव्हतं. तात्या पाटील उजवीकडे बसले होते, नळी डावीकडे होती, बाळकूसमोर. बाळकू गडबडीने उठला, त्याने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान हलवली. मग बाळकूने आधी आबांच्या पायाला हात लावला आणि नंतर बंदूक घेतली.

“रवळू,” तात्या म्हणाले, “फुडच्या वर्सापासनं ढोल तुझ्याकडं. वरनं रान हाकायचं ते तुझ्या कानावर. जनावर कुठं फुटतंय ते तुला ऐकू येईल.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “आणि ह्या पोराला ‘आई’ म्हणून कुणी चिडवलं तर माझ्याशी गाठ हाय.”

घरी जाताना बाळकू आमच्या पुढे चालत होता. त्याचं घर उलट्या दिशेला होतं. धोंडा आला की तो खाकरायचा. ओढ्याशी तो थांबला आणि उगाचच मोठ्याने म्हणाला, “पानी लई न्हाई यंदा. घोट्याएवढंच हाय.” आबांनी पाय उचलून पाण्यात टाकला.

त्यानंतर आबा अकरा वर्षं ढोल घेऊन पारधीला गेले. मला त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. बेळगावला डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याला थोडी वर्षं बरं दिसलं, मग तेही गेलं. पुढे मी तालुक्याला बिऱ्हाड केलं तेव्हा ते माझ्याकडे आले. संध्याकाळी वाचनालयातून आलो की मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे.

ते गेले त्या वर्षीची गोष्ट. मी वाचता वाचता थांबलो. छत्तीस वर्षं जे विचारायचं टाळलं होतं ते का कोण जाणे, त्या संध्याकाळी तोंडातून गेलं.

“आबा, त्या दिवशी मी खरंच ‘बाई’ म्हणालो होतो?”

कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही.

“न्हाई,” ते म्हणाले. “‘आई’च म्हणालास.”

मला माहीत होतं, असंही वाटलं. आणि पायाखालचं काहीतरी सरकल्यासारखंही वाटलं.

“लेकरू कानाशी ‘आई’ म्हणून वरडलं तर कुठल्या बापाचा हात थांबणार न्हाई?” आबा म्हणाले. “काय हाय, कोण हाय, मला काय कळलंच न्हवतं. तू वरडलास म्हणून थांबलो.”

“मग मी भ्यालोच होतो.”

“आसशील. न्हाईतर बाईला बघून वरडला आसशील. ते तुझं तुला म्हाईत.”

“माझं मला माहीत नाही, आबा.” मग जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं. “आणि मी दोनदा गुडघा दाबला होता. मोकळ्यात आलं, बार करा म्हणून. ती चूक माझी होती.”

“दाबलेलं मला कळलं हुतं की.”

“तुम्ही देवासमोर, बंदुकीवर हात ठेवून साक्ष दिलीत. त्यात हे सांगितलं नाहीत. आणि ‘बाई’ म्हणालो म्हणून सांगितलंत.”

आबा हसले. दात नव्हते, त्यामुळे ते हसणं लहान मुलासारखं दिसायचं. त्यांनी हात पुढे करून चाचपला, माझा गुडघा सापडला, त्यावर ठेवला.

“साक्ष डोळ्याची हुती, वैजू,” ते म्हणाले. “डोळ्याची खरी दिली. कानाला आणि गुडघ्याला कुणी इचारलंच न्हवतं.”